राखायचा गोऱ्हा

आमच्या घरची गुरं दुधाची नव्हेत. हे आधीच सांगतो, कारण गावाकडं गाई आहेत असं म्हटलं की कंपनीत पहिला प्रश्न येतो, दूध किती निघतं? वासरू पिऊन उरलं तर चहापुरतं. ही लाल कंधारी जात. अंगानं भरलेली, डोळ्यांभोवती काळं कडं असलेली, काळ्या मातीत ओढायला घडवलेली. आमच्या वडिलांनी आणि त्यांच्या वडिलांनी ती दुधावर नाही, अंगावर पारखली. खांदा, छाती, पाय, खूर, आणि सगळ्यात शेवटी स्वभाव. आता ट्रॅक्टर आले, बैलांना गिऱ्हाईक राहिलं नाही, तरी माझ्या थोरल्या भावानं, दादानं, ती सोडली नाहीत.

चिकलठाण्याच्या पुढं जालना रोडवरून आत वळलं की आमचं गाव लागतं. शेजारच्या वावरांत प्लॉटिंगच्या पाट्या लागल्या आहेत, एका बाजूनं रो-हाऊसं बांधावर येऊन टेकली आहेत. तिथल्या बाया बाल्कनीतून आमच्या गाईंचे फोटो काढतात आणि शेणाच्या वासाची तक्रारही करतात. दादा दोन्ही चालवून घेई. मी शहरात राहतो आणि वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या खात्यात काम करतो. पण गुरं आम्हा दोघांची होती. त्यांचं खाणं-पिणं, आजारपण, बाळंतपण सगळं दादाकडं. माझ्याकडं एकच काम होतं, वळू ठरवणं.

ते काम माझ्याकडं कसं आलं ते सांगतो. वडील म्हणत, वळू बघायला गेलं की वळूकडं सगळ्यात शेवटी बघायचं. आधी त्याची आई बघायची. ती पाण्यावर कशी येते, दुसऱ्या गाईंना ढुशी मारून येते की आपली वेळ थांबून येते. तिची वेतं कशी झाली, आत हात घालावा लागला का. मग तिच्या बहिणी. मग गोऱ्ह्याला नांगरलेल्या रानातून मोकळा सोडून मागून चालायचं आणि मागचा खूर पुढच्याच्या ठशात पडतो का ते पाहायचं. आणि शेवटी त्याच्याजवळ खाली मान घालून बसायचं. हुंगायला आला तर ठीक, मान वाकडी करून फुसफुसला तर सोडून द्यायचा, मग तो कितीही देखणा असो. गोठ्यात बायामाणसं वावरतात, रागीट वळू घरात चालत नाही. हे सगळं वडिलांनी दोघांनाही शिकवलं, पण दादाला सगळेच गोऱ्हे आवडायचे. प्रत्येकात त्याला काहीतरी चांगलं दिसायचं. वडील गेल्यावर तो म्हणाला, "हात माझा, नजर तुझी." तेव्हापासून तसंच चाललं.

वर्षात जेवढे गोऱ्हे होतील त्यांतला एखादाच आम्ही राखत असू. बाकीच्यांना वयात येताना पशुवैद्याकडून चिमटा लावून घ्यायचा, म्हणजे ते बैल होतात. चिमट्यानं आतली शीर चेपते, वरून कातडी फाटत नाही, आणि एकदा चेपली की पुन्हा जुळत नाही. राखलेला तेवढा वळू. आमच्या कळपाला तोच आणि गावालाही तोच, त्याची आई आणि बहिणी तेवढ्या सोडून. गाय घेऊन आलेल्या माणसाकडून पैसे घ्यायचे नाहीत हा वडिलांपासूनचा शिरस्ता. कुणी ढेप आणे, कुणी हिरव्या मक्याचा भारा. आणि वळूच्या पोरी वयात यायच्या आत त्याला दुसऱ्या गावाला देऊन टाकायचा, म्हणजे रक्तात रक्त मिसळत नाही. तिथंही व्यवहार नाही. नारळ, फेटा आणि दोन्हीकडच्या माणसांचं जेवण.

आमच्या दावणीला एक गाय होती, तिला आम्ही नुसतं म्हातारी म्हणायचो. माझ्या पाहण्यात तिच्यासारखी गाय आली नाही. तिच्या पहिल्या गोऱ्ह्यांना, वडील होते तेव्हाच, चिमटा लावला गेला, कारण त्या वेळी राखायला दुसरा होता आणि तिची किंमत अजून आम्हाला कळायची होती. कळली, तोवर तिला कालवडीच होऊ लागल्या. एकामागून एक. दादा दर खेपेला म्हणायचा, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी पुन्हा कालवड. तिचे दात झिजले, पाठ खाली आली, आता ही पुन्हा गाभण राहत नाही असं आम्ही धरून चाललो होतो, आणि ती राहिली.

मी शिफ्टवर होतो तेव्हा दादाचा फोन आला. "गोऱ्हा झाला," एवढंच बोलला आणि ठेवला. सुटलो तसा मोटरसायकलवर निघालो, क्रांती चौकात अडकलो, आणि दिवेलागणीला गोठ्यात पोचलो. गोऱ्हा वाळून उभा होता. दादानं त्याच्या पाठीवर वशिंडाच्या मागं अंगठा ठेवला होता. मला पाहून अंगठा उचलला. खाली केसांचा भोवरा होता, उलट्या अंगानं फिरलेला, पावलीएवढा.

"काकाला दाखवू नको," दादा म्हणाला.

आम्ही दोघं हसलो. आमचे चुलते गुरांच्या अंगावरचे भोवरे वाचतात. कुठला भोवरा घर भरतो, कुठला धन्याला खातो, सगळं त्यांना पाठ. वडिलांनी त्यांचं कधी मनावर घेतलं नाही, आम्हीही नाही. त्या संध्याकाळी भोवरा मी पाहिला होता आणि दादानंही पाहिला होता, आणि तरीही गोऱ्हा राखायचा हे न बोलता ठरलं होतं. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढं जे झालं ते न कळून झालं असं कुणाला वाटू नये.

तो गोऱ्हा वाढला तसा मी दर सुट्टीला त्याच्याकडं बघत राहिलो. नांगरटीत त्याच्या मागून चाललो. खूर ठशात पडत होता. खाली बसलो तर येऊन माझी कॉलर चघळायचा. वर्षभराचा झाल्यावर मी दादाला म्हणालो, आता जुना वळू देऊन टाकायला हरकत नाही. दादानं माझ्या शब्दावर जुना वळू फुलंब्रीकडच्या एका गावाला देऊन टाकला. त्यांच्याकडचा बदलीचा वळू आम्ही घेतला नाही. आमच्याकडं आता आमचा होता.

त्याच पावसाळ्यात दादाचे पाय सुजायला लागले. चिखलात उभं राहून सुजतात असं तो म्हणे. मग चेहरा सुजला. मी त्याला शहरात आणून तपासण्या केल्या तेव्हा डॉक्टर म्हणाले, किडन्या बऱ्याच गेल्या आहेत, फार उशिरा आलात. डायलिसिस सुरू झालं. दादा आणि वहिनी माझ्याकडं राहायला आले, गुरांना गडी ठेवला. एक आड एक दिवस मी त्याला दवाखान्यात सोडून कंपनीत जाई. तिथं खाटेवर पडल्या पडल्या तो गोऱ्ह्याची चौकशी करायचा. मान भरली का, गाईंच्या मागं लागतो का. पोळ्याला आम्ही त्याला गावी नेलं. गोऱ्ह्याच्या अंगावर झूल घातली होती, आणि ती सरळ करताना चुलत्यांचा हात भोवऱ्यावर गेला. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, वयानं विसरले.

थंडी सुरू होताना दादाला ताप आला. जिथून सुई लावायचे तिथूनच जंतू शिरले आणि रक्तात पसरले असं सांगितलं. त्याला अतिदक्षता विभागात हलवलं, नाकातोंडात नळ्या घातल्या. आम्हाला आत दिवसातून दोनदा जाऊ देत. बाकी वेळ वहिनी, आणि शिफ्ट सुटली की मीही, बाहेरच्या बाकावर बसलेलो असू.

चुलते भेटायला आले ते तिथंच. काठी बाकाला टेकवून माझ्याशेजारी बसले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "गोऱ्हा राखलेलाच हाय का अजून?"

"हो काका."

"भोवरा हाय त्याला. वशिंडामागं."

"आहे."

"म्हंजी तुला ठावं हाय."

"काका, किडन्या खराब झाल्यात त्याच्या. त्याला गोऱ्हा काय करणार?"

"मी कुठं म्हणतो गोऱ्ह्यानं किडन्या खाल्ल्या? तू कंपनीतला माणूस, तुला हिशेब कळतो. गोऱ्हा कवा झाला, आन् ह्याचे पाय कवा सुजले, एवढं फक्त मांडून बघ."

मी हसण्यासारखं काही केलं असेन. पण मांडायला लागलो होतो. फोन कधी आला, पावसाळा कधी लागला, पहिल्यांदा दादाच्या पायात चपलेचा पट्टा रुतलेला मी कधी पाहिला. दिवसभर तेच. कंपनीत टेबलावर भाग येत होते, मी ते तपासून पुढं सोडत होतो, आणि डोक्यात तेच. मला काकांचं पटलं नव्हतं. पटणं वेगळं. आपलं माणूस आत नळ्यांत आहे, डॉक्टर मान हलवून पुढं जातात, तेव्हा जे आपल्या हातात आहे असं कुणीतरी सांगतं ते करावंसं वाटतं. करण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्याशी बोलली. काका तिच्याशीही बोलले होते.

"भाऊजी, त्या गोऱ्ह्याचं काय ते करा. तुम्हाला पटत नसलं तरी करा."

"वहिनी, दादाला नंतर काय सांगायचं?"

"आधी नंतर तर येऊ द्या."

विकून टाकणं शक्य नव्हतं. असा गोऱ्हा बाजारात नेला तर तो कुठं जातो हे सगळ्यांना माहीत आहे, आणि दादानं ते कधीच सहन केलं नसतं. दुसऱ्या गावाला द्यायचा तर भोवरा सांगून द्यावा लागणार, आणि सांगितल्यावर तो कोण घेणार? तोड काकांनीच काढली. ते म्हणाले, चिमटा लावा. बैल झाला की भोवऱ्याचा जोर मरतो, जे काय असतं ते वळूपणात असतं. जनावर घरातच राहील, ह्याच्या डोळ्यांसमोर. त्यानंतर मी अनेक जाणत्या माणसांना विचारलं. असं काही असतं हे कुणीच ऐकलेलं नाही. मला वाटतं, काकांनी ते त्या बाकावर बसल्या बसल्या आमच्यासाठी तयार केलं. आमची अडचण त्यांना दिसत होती. ते वाईट माणूस नव्हेत.

मी रजा टाकून गावी गेलो. पशुवैद्य आधीच येऊन थांबले होते. गोऱ्ह्याला खांबाला आखडून बांधलं तेव्हा त्यांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि माझ्याकडं पाहिलं.

"हा तर राखायचा ना? दादा मला म्हणाले होते."

"आता नाही राखायचा."

"का हो? लई झ्याक गोऱ्हा हाय."

"दादांनीच सांगितलंय."

"ते तर ॲडमिट हायेत म्हणले."

"फोनवर सांगितलं."

नळ्या घातलेला माणूस फोनवर बोलत नाही. ते त्यांनाही कळत होतं आणि मला बोलताना कळत होतं. ते थोडा वेळ थांबले, मी वाक्य मागं घेतो का ते पाहत असावेत. मग त्यांनी चिमटा उघडला. गोऱ्हा ओरडला नाही. पाठ कमानीसारखी वर घेतली आणि श्वास धरून उभा राहिला. दुसऱ्या बाजूला चिमटा लावेपर्यंत मी त्याच्या तोंडाशी होतो. त्यानं माझ्या मनगटाला नाक लावलं होतं, नेहमीसारखंच.

तिसऱ्या दिवशी दादाचा ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, औषध बदललं होतं ते लागू पडलं. मला ते खरं वाटतं. आजही वाटतं. पण तेव्हा दवाखान्याच्या त्या बाकापाशी वहिनी माझ्या पाया पडायला वाकली. थोरली वहिनी, धाकट्या दिराच्या. मी मागं सरलो, तिला धरून बसवलं. मी तिला एवढंही म्हणालो नाही की वहिनी, औषधानं झालं.

दादाला घरी सोडल्यावर त्यानं गावी जायचा हट्ट धरला. मी गाडी केली. रस्ताभर त्याला सांगायचं म्हणून वाक्यं जुळवत होतो, आणि प्रत्येक वाक्य गतिरोधक आला की तुटत होतं. अंगणात उतरल्यावर त्यानं वहिनीच्या हातचं पाणीही घेतलं नाही, भिंतीला धरत सरळ गोठ्यात गेला. मी मागून गेलो. गोऱ्हा त्याला पाहून दाव्याला ओढ देत पुढं आला. दादानं त्याची मान खाजवली, पोटावरून हात मागं नेला, आणि हात तिथं थांबला.

वाकूनच त्यानं हात दुसऱ्या बाजूला नेला. मग न वळता म्हणाला, "कोण आलं होतं? आपले डॉक्टर?"

"हो."

"सूज आली होती?"

"आली होती. उतरली आठवड्यात."

"हळद-तेल लावलं?"

"लावलं."

"खात होता का त्या दिवशी?"

"संध्याकाळी खाल्लं त्यानं."

"बरं."

मी म्हणालो, दादा, तुझी अवस्था तशी होती, काका म्हणाले, वहिनीही. तो सावकाश सरळ झाला. रागावलेला नव्हता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. गोठ्याच्या खांबाला टेकून तो म्हणाला, "मी जित्ता होतो ना रं."

एवढंच. आम्ही त्याच्या जिवासाठी केलं असं म्हणतो, पण त्याला विचारायला थांबलो नाही. त्याची इच्छा चालणार नाही असं धरून चाललो. चार दिवस थांबलो असतो तर त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं असतं. काय सांगितलं असतं ते मला माहीत होतं, म्हणून तर थांबलो नाही.

गावात विषय निघायचा तो निघालाच. आमच्या वळूवर विसंबून असलेली माणसं आली. म्हातारीचा गोऱ्हा चिमटा लावून बडवला हे कुणाला पटेना. दादा अंगणात खाटेवर बसलेला होता, मी बाजूला.

"असं कसं केलं ओ दादा? आमी आशेवर होतो."

"मीच सांगितलं करायला," दादा म्हणाला. "मागचे पाय जवळ पडत होते त्याचे. चालताना घासायचे."

"घासायचे? आमाला नाय दिसले कवा."

"तुला काय दिसतंय? तुझी गाय तुला दिसत नाय, पार वडगावला जाऊन सापडती."

सगळे हसले. विषय संपला. गोऱ्ह्याचे पाय घासत नव्हते. त्याच्या मागून मी किती चाललो होतो. मला वाचवायला दादानं त्या गोऱ्ह्यावर आळ घेतला, आणि स्वतःवरही. ती माणसं गेल्यावर मी म्हणालो, असं का सांगितलंस? तो म्हणाला, "मग काय सांगू? माझ्या भावाला भ्या वाटलं म्हणून?"

कळपाला वळू हवाच होता. म्हातारी पुन्हा गाभण राहणार नव्हती, पण तिच्या पोरी होत्या. डायलिसिस नसलेल्या एका दिवशी दादा म्हणाला, पैठण रोडच्या पुढं एकाकडं चांगला वळू आहे म्हणतात, बघून येऊ. त्याला गाडीत बसवून मी घेऊन गेलो. मालक मोठा बोलका, आल्या आल्या चहा सांगितला आणि वळूची आई कुठल्या प्रदर्शनात पहिली आली ते सुरू केलं. वळू बाहेर आणला. चांगला होता, असं मला आता वाटतं. तेव्हा मी त्याच्याजवळ गेलो, आणि त्याची आई दाखवा म्हणायच्या आधी, पाय बघायच्या आधी, माझा हात त्याच्या पाठीवर गेला. वशिंडाच्या मागं. मी केस उलटे करून पाहत होतो.

मालक हसला. "भोवरा नाय ओ साहेब. पायजे तर चष्मा लावून बघा. माझ्या डोक्यावर हाय एक, तो चालंल का?"

दादाही हसला. "त्याच्या हाताला सवय लागलीय," म्हणाला.

मी हात काढून घेतला. मग आई बघितली, बहिणी बघितल्या, वळूला रानातून चालवून मागून गेलो. दिसत सगळं होतं. पण पूर्वी पाहता पाहता आत काहीतरी बसायचं, हा घ्यायचा, हा नाही, ते बसेना. परतताना दादानं विचारलं, "मला आवडला. तुला?"

"सांगता येत नाही."

"नाय येत व्हय?"

तो मला टोचत नव्हता. त्यानं खरंच विचारलं होतं, नेहमी विचारायचा तसं. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, "मग राहू दे." माझ्या नजरेशिवाय त्यानं आयुष्यात वळू घेतला नव्हता, आणि आता घेण्याएवढं बळ त्याच्यात उरलं नव्हतं. आणखी दोन-तीन ठिकाणी गेलो. मी प्रत्येक वेळी काहीतरी खोट काढली. खरं म्हणजे मला भीती वाटत होती, की मी हो म्हणेन आणि त्याला पुन्हा काही होईल. एकदा मान्य केलेली भीती जात नाही.

शेवटी गाई माजावर आल्या की जनावरांच्या दवाखान्यातला माणूस येऊन कृत्रिम रेतन करू लागला. जात तीच, लाल कंधारी. बापाचा फक्त नंबर कळायचा.

"ह्याची आई कुणी बघितली?" दादानं त्याला विचारलं.

"सरकारनं," तो म्हणाला.

"बसलं होतं का सरकार खाली मान घालून त्याच्याजवळ?"

त्या माणसाला काही कळलं नाही. दादा माझ्याकडं पाहून हसला. आजारपणात मी त्याला इतकं मोकळं हसताना फार कमी वेळा पाहिलं. त्यानं मला माफ केलं होतं हे मला त्या हसण्यात दिसलं आणि माझ्यानं तिथं उभं राहवेना. मी वैरण आणायच्या निमित्तानं मागं गेलो.

म्हातारी पुढच्या हिवाळ्यात गेली. दादा त्यानंतरच्या उन्हाळ्यात. डायलिसिसच्या खाटेवरच त्याचं हृदय थांबलं. मी बाहेर गाडी लावत होतो.

दुःखाच्या त्या दिवसांत वहिनी एकदा मला बाजूला घेऊन म्हणाली, "भाऊजी, तुम्ही त्या वेळी ऐकलंत म्हणून एवढे दिवस तरी ते मिळाले. नाहीतर त्याच थंडीत गेले असते." तिचा त्यावर विश्वास आहे. तेवढ्यावर ती उभी आहे.

तेराव्याला अंगणात मांडव घातला होता. पंगत बसली, मी वाढपाचं बघून शेवटच्या पंगतीला बसलो. वहिनी दाराच्या आत भिंतीला टेकून बसलेली होती, तिथवर बोलणं ऐकू जात होतं. माझ्याशेजारी गावातलाच एक शेतकरी होता. त्याच्याकडची जनावरं आमच्याच वळूंपासून झालेली. तो दादाबद्दल चांगलं बोलत होता. वळूचा कधी पैसा घेतला नाही, आजारी असताना माझ्या गाईला बघायला आला, असं. मग भात कालवता कालवता म्हणाला, "एक मात्र चुकलं त्येचं. म्हातारीचा गोऱ्हा बडवला. पाय घासतेत म्हणला. मी चार डाव बघितला, नव्हते ओ घासत. तिथं नजर चुकली त्येची. आता तिच्या पोटचा वळू काय मिळायचा नाय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी म्हणालं, आजारपणात माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं.

दादाची नजर चुकली नव्हती हे सांगायला मला एका वाक्याचा वेळ होता. पण ते वाक्य दारापर्यंत गेलं असतं. मी केलं ते चुकलं असं मी म्हणालो असतो, तर वहिनीला जे दिवस मिळाल्यासारखे वाटतात ते मी सगळ्यांसमोर तिच्याकडून काढून घेतले असते. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. त्यात तिची काळजी किती होती आणि माझं भ्यालेपण किती, हे मला आजही वेगळं करता येत नाही.

तो माझ्याकडं बघत होता. भाऊ म्हणून मी काही बोलेन असं त्याला वाटत असावं.

"हो," मी म्हणालो. "चुकलंच त्याचं."

आणि जेवत राहिलो.